वरचा उजवा

देवाने माणसाला तोंड दिलं ते जेवण्यासाठी नाही, बोलण्यासाठी तर नाहीच नाही, केवळ आपल्याला आत डोकावता यावं म्हणून दिलं, असं माझ्या नवऱ्याच्या मामांचं अगदी प्रामाणिक मत होतं. मामा बंगळुरात, बसवनगुडीला, दातांचे डॉक्टर होते. दवाखाना म्हणायला देवळामागच्या गल्लीत एका माडीवर होता, पण खरं म्हणजे मामा जिथे उभे राहतील तिथे दवाखाना असायचा. बसमध्ये, प्रसादाच्या रांगेत, कुणाच्या साखरपुड्यात समोरचा माणूस बोलायला लागला की मामांची नजर हळूहळू त्याच्या डोळ्यांवरून घसरत ओठांवर येऊन बसायची, आणि मग तो काय बोलतोय याच्याशी त्यांचा काही संबंध उरायचा नाही. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्या कोपऱ्यावरच्या रावांचे वडील गेले म्हणे." मामा म्हणाले, "असेल. सकाळी राव मला बराच वेळ काहीतरी सांगत होते खरे. खालच्या दाढांत फट पडलीय त्यांच्या. अन्न अडकत असणार." टीव्हीवर बातम्या लागल्या की ते उठून आवाज बंद करायचे आणि खुर्ची पुढे ओढून बसायचे. "हिने पुढचे दोन नवे बसवलेत. हे काम आपल्या गावातलं नाही. आपल्याकडे इतका पांढरा कुणी लावणार नाही." सरकार पडलं की टिकलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळायचं. घरातल्या भिंतीवर पूर्वजांचे फोटो होते. मी नवी सून म्हणून नमस्कार करत होते, तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमचे आजोबा फार गंभीर आणि करारी." मागून मामांचा आवाज आला, "करारी कसले! पुढचे नव्हते त्यांना. म्हणून तोंड मिटून बसलेत."

हे घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि मामांच्या जिभेवर दोन्हींचा बिसीबेळे भात. सासूबाई त्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना ते 'अक्का' म्हणायचे आणि त्या त्यांना 'तम्मा', म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साठीच्या जवळ आलेल्या, टक्कल पडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या त्या गृहस्थांना कुणी तम्मा म्हणून हाक मारली की मला पहिल्या पहिल्यांदा हसू यायचं. आणि हसू आलं की माझा हात आपोआप तोंडावर जायचा.

त्या हाताचीच ही गोष्ट आहे. लहानपणी नागपुरात मी सायकलवरून तोंडावर आपटले होते. समोरचा एक दात मुका मार लागून आतल्या आत मेला आणि वर्षभरात काळा पडत गेला, शेजारच्याचा कोपरा उडाला. तेव्हापासून मी पदर नव्हता तेव्हा ओढणीने, ओढणी नव्हती तेव्हा वहीने आणि काहीच नसलं की हाताने तोंड झाकून हसत आले. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत होतं की ही नागपूरकडची काहीतरी शालीन रीत असावी.

मामा मात्र फसले नाहीत. त्यांची माझी पहिली भेट नागपूरच्या मंगल कार्यालयात, आमच्या लग्नाच्या दिवशीच झाली. आम्ही नवरा-नवरी वाकून नमस्कार करत होतो आणि मोठी माणसं 'सुखी राहा, सुखी राहा' म्हणत पुढे सरकत होती. मामांच्या पाया पडून मी उभी राहिले, त्यांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि मामांचा चेहरा एकदम उतरला. मागे वळून सासूबाईंना ते हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "अय्यो अक्का, वरचा मेलाय. बरेच दिवस झालेत."

आता कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत माझे चुलत आजोबा दम्याने थकून झोपलेले होते. माझ्या काकूने ते वाक्य ऐकलं आणि हातातलं ताट सोडून जिन्याकडे धाव घेतली. तिच्यामागे काका, काकांमागे आत्या, आत्यामागे सनईवालासुद्धा. वर जाऊन सगळ्यांनी आजोबांना गदागदा हलवलं. आजोबा दचकून उठले, समोर रडणारी माणसं बघून भयंकर चिडले आणि म्हणाले, "जेवणं सुरू झाली तर नीट सांगा ना, असं रडताय काय!" ते खाली आले आणि पंगतीत बसून त्यांनी भरपूर जिलबी खाल्ली. इकडे मामा पुनःपुन्हा सांगत होते, "मी आजोबांबद्दल कुठे बोललो? मी सूनबाईच्या वरच्या उजव्याबद्दल बोलत होतो." माझ्या वडिलांना हे कळल्यावर तर जास्तच वाईट वाटलं. निदान आजोबा गेले असते तर त्यात कुणाला दोष देता आला नसता.

बंगळुरात आल्यावर मला वाटलं होतं मामा दात दुरुस्त करायचा लकडा लावतील. तसं काहीच झालं नाही. ते फक्त माझ्या दाताची चौकशी करायचे, गावाकडे एकटं राहणाऱ्या नातेवाइकाची करावी तशी. रविवारी जेवायला आले की चपला काढता काढता विचारायचे, "काय पोरी, कशी आहेस? आणि वरचा उजवा काय म्हणतो?" मी तोंडावर हात ठेवून "बरा आहे" म्हणायची. मग मामा समाधानाने पाटावर बसायचे. एवढंच. मला लहानपणापासून दातांच्या डॉक्टरची भीती होती, आणि मेलेला दात दुखत तर नव्हता. वर्षं अशीच गेली असती.

पण मी राजाजीनगरच्या एका शाळेत लहान मुलांना गणित शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने हात वर करून गंभीरपणे सांगितलं, "मिस, तुमच्या दाताला शाई लागलीय." सगळा वर्ग बघायला लागला. त्या दिवसापासून मी वर्गात हसणं बंद केलं. खडू धरलेला हात सारखा तोंडावर नेता येत नाही, त्यापेक्षा न हसणं सोपं. मुलं मला घाबरायला लागली. मी दारात दिसले की वर्ग एकदम चिडीचूप. मला त्याचं आत कुठेतरी वाईट वाटायचं, पण शाईपेक्षा भीती बरी असं मी मनाला समजावत होते. शेवटी एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की छोट्यांचे पालक तक्रार करतात, मुलं सकाळी शाळेत यायला रडतात, तर पुढच्या सत्रापासून तो वर्ग दुसऱ्या बाईंना देऊन मला कचेरीत वेळापत्रकाचं काम द्यावं असं त्यांच्या मनात आहे. मी शाळेतून निघाले ती घरी गेलेच नाही. दोन बसा बदलून थेट मामांच्या माडीवर गेले आणि खुर्चीत जाऊन पडले.

मामांनी चष्मा पुसला. "सरी," म्हणजे ठीक, असं म्हणाले, "आला शेवटी!" हे ते मला म्हणत नव्हते, दाताला म्हणत होते.

मेलेल्या दाताची आतली साफसफाई झाल्यावर मामा म्हणाले, आता दोन्ही दात कोरून त्यांच्यावर कॅप बसवायच्या. पण आधी रंग ठरवायचा. रंग ठरवण्याबाबत मामांचा कुठल्याही दिव्यावर विश्वास नव्हता. त्यांच्याकडे किल्ल्यांच्या जुडग्यासारखं नमुन्याच्या दातांचं एक जुडगं होतं. ते घेऊन त्यांनी मला सरळ खाली रस्त्यावर आणलं. सकाळचं कोवळं ऊन, देवळाकडे जाणारी माणसं, आणि मधोमध मी, ओठ वर ओढून उभी. मामा एकेक नमुना माझ्या शाबूत दाताला लावून मान तिरकी करून बघत होते. थोड्याच वेळात गर्दी जमली. जन्मभर जो दात मी झाकला तो आता अख्खी गल्ली बघत होती. रिक्षावाला म्हणाला, "फुल व्हाइट हाकी सार, हीरोइन तरा!" म्हणजे एकदम पांढरा लावा, हिरोइनसारखा. कोपऱ्यावर गजरे ओवणारी बाई दोरा दातांत धरूनच ओरडली, "मल्लिगे बेडा सार, सुगंधराज!" म्हणजे मोगऱ्याचा नको, निशिगंधाचा घ्या. देवळातून येणाऱ्या एका आजोबांनी माझ्या कुंडलीत शुक्र कुठे आहे ते विचारलं. मामांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसराच नमुना पसंत केला, किंचित पिवळसर. "पोरी," मला म्हणाले, "शोभेचा दात कुणीही करील. शेजाऱ्यांत मिसळून जाईल तो खरा दात. आपण नाही का इथे राहिलो!"

मग मापाचा दिवस. दात कोरून झाले की माप घेण्याचं एक मळणं असायचं, पिवळा आणि निळा असे दोन गोळे. मामा ते हातात घेऊन पुरणपोळीची कणीक तिंबावी तसे मळायचे आणि दोन्हींचा हिरवा होईपर्यंत तोंडाने पुटपुटत राहायचे. तो गोळा पत्र्याच्या साच्यात भरून तोंडात दाबला की घट्ट होईपर्यंत पेशंटला गप्प पडून राहावं लागतं. मामांना आयुष्यात सगळ्यात प्रिय असलेला काळ हाच. समोर हक्काचा श्रोता, त्याचं तोंड बंद, आणि उठून जायची सोय नाही. पूर्वी म्हैसूरला जाताना त्यांची गाडी कशी चुकली, ही गोष्ट बसवनगुडीतल्या अर्ध्या लोकांनी तोंडात साचा धरूनच ऐकलेली आहे, आणि कुणालाही तिचा शेवट ठाऊक नाही, कारण तोपर्यंत साचा निघालेला असतो.

माझ्या वेळी मात्र गोष्ट सुरू होण्याआधीच सासूबाई माडी चढून आल्या. मामांना डबा द्यायला आल्या होत्या. मला तशी पडलेली पाहून त्यांचे डोळे चमकले. जवळ स्टूल ओढून बसल्या आणि मायेने माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, बरी सापडलीस. यंदा गौरी-गणपतीला नागपूरला जायचं म्हणत होतीस ना? नको जाऊस. इथे माझ्या एकटीने होत नाही गं. राहशील ना?"

मी म्हणाले, "अंऽऽ!"

"बघ तम्मा, लगेच हो म्हणाली! गुणाची आहे पोर."

मी हात हलवले. मामांनी ते दोन्ही हात धरून खाली ठेवले. "हलू नको, माप बिघडेल."

"आणि तो मोठा रेशमी गालिचा तुमच्या खोलीत पडूनच आहे, तो मी बाहेर घालू ना?"

"अंऽऽऽ!"

"घालते हं." साचा निघेपर्यंत माझा गणपती, गालिचा आणि दिवाळीचा बेत असं सगळं ठरून गेलं होतं. मामा मात्र साचा उजेडाकडे धरून त्यातल्या खळग्यांकडे बघत राहिले होते. "आहाहा! काय सुंदर आलंय. हिरडीची कडसुद्धा आलीय." माझं माहेर गेलं होतं, पण माप उत्तम आलं होतं.

कॅप तयार होऊन आल्या तेव्हा मामांनी त्या नुसत्या बसवल्या आणि म्हणाले, "आता बोल." पुढचा दात किती लांब हवा ते बोलण्यावरून कळतं, 'फ' आणि 'व' म्हणताना तो खालच्या ओठाला हलकेच टेकला पाहिजे, असं त्यांचं शास्त्र. प्रत्येक भाषेसाठी त्यांनी एकेक वाक्य करून ठेवलं होतं आणि ती सगळी वाक्यं खाण्याची होती. मराठीचं होतं, "वाफाळलेला फोडणीचा भात वाढा." मी ते इतक्यांदा म्हटलं की शेवटी खालच्या मजल्यावरच्या मेसवाल्या काकूंनी खरोखरच ताट वर पाठवलं. मामांनी कानशीने किंचित घासलं, पुन्हा बसवलं, पुन्हा भात वाढायला लावला. भाषा जमली. मग म्हणाले, "आता हास."

मी हसले. हात तोंडावर गेला.

"हात खाली."

हात खाली आला आणि हसू गेलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "हसताना ओठ किती वर जातो ते बघितल्याशिवाय मी पक्कं सिमेंट लावणार नाही. कच्च्यावर ठेवतो. दात माझा, हसणं तुझं, ते कुठल्या लॅबमधून करून आणू?" आणि खरंच त्यांनी कॅप कच्च्या सिमेंटवर बसवून मला घरी पाठवलं. कडक काही चावायचं नाही अशी ताकीद दिली. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या मनातलं नवं सत्र जवळ येत होतं, आणि मी नवे कोरे दात तोंडात घेऊन पूर्वीइतकीच गंभीर फिरत होते. नवऱ्याने विनोद सांगून बघितले. त्याचे विनोद ऐकून हात तोंडावर जायचा नाही हे खरं, पण हसूही यायचं नाही.

गणपती गेले, दिवाळीही गेली, कार्तिकातला शेवटचा सोमवार आला आणि नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरली. तिला तिकडे कडलेकाई परिषे म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीगच्या ढीग, आणि अख्खं बसवनगुडी सालं तुडवत चाललेलं. मामा मला मुद्दाम घेऊन गेले. प्रत्येक ढिगावर भाव करत त्यांनी इतक्या शेंगा घेतल्या की माझ्या दोन्ही हातांत दोन जड पिशव्या आल्या. मला तेव्हा काही संशय आला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला शेंगा आवडतात. मग ते मला दवाखान्यातले किस्से सांगायला लागले. मी ओठ घट्ट मिटून ऐकत होते. मामा माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत, निराश होत, पुढचा किस्सा काढत. एका शेंगावालीने चव बघायला भाजलेली शेंग पुढे केली. किस्स्याच्या भरात मामांनी ती घेतली आणि समोरच्या दातांनी कडाड्‌कन फोडली.

किस्सा अर्ध्यावर थांबला. मामांचे डोळे मोठे झाले आणि त्यांचा हात झटकन तोंडावर गेला.

"काय झालं मामा?"

"फडला," मामा हाताआडून म्हणाले.

"काय पडलं?"

शेंगावालीनेही विचारलं, "एनु बित्तु सार?"

"हल्लु!" मामा कळवळून म्हणाले. दात!

"यारदु?" कुणाचा?

"नंदे!" माझाच!

ती बाई मामांना ओळखत होती. तिने कपाळाला हात लावला आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "डाक्टर्दे हल्लु बित्तु!" झालं. बातमी ढिगाढिगाने पुढे गेली. डॉक्टरांचाच दात शेंगांत पडला! चार माणसं ढिगात हात घालून शोधायला लागली. कुणी सोललेला दाणा आणून दाखवी, कुणी खडा. मामा गुडघ्यांवर बसून, चष्मा वर करून, प्रत्येक दाणा उजेडात धरून तपासत होते आणि "छे, हा नव्हे, हा शेंगदाणा आहे" असा अभिप्राय देऊन परत करत होते. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी खिंडारातून कबुली दिली. गावात एकाही डॉक्टरवर विश्वास नसल्यामुळे स्वतःची कॅप त्यांनी आरशात बघून स्वतःच बसवली होती, आणि तीही कच्च्या सिमेंटवर. "इतकी वर्षं?" मी विचारलं. मामा म्हणाले, "मनाफारखी फसेफर्यंत फक्कं करायचं नाही!"

मला हसू फुटलं. साधं नाही, पोटातून, नागपूरपासून साठलेलं. हात तोंडाकडे न्यायला गेले तर हातात पिशव्या. एक पिशवी सुटली, दुसरी तशीच धरून मी हसत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, शेंगावाली हसायला लागली, रस्त्यावरची अनोळखी माणसं थांबून हसायला लागली. आणि मामा, गुडघ्यांवर बसलेले, समोरच्या दातांत खिंडार, टकलावर शेंगांची सालं, स्वतःचा दात विसरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एक बोट वर करून म्हणाले, "हां! थांब, असंच राहा. ओठ तिथफर्यंतच जातो. बरोफ्फर आहे!"

त्यांचा दात सापडला की नाही ते मला तेव्हा कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर तो जागेवर होता.

पक्कं सिमेंट लावायच्या वेळी मामांनी खिडकी लावली, रेडिओ बंद केला आणि स्वतःही बंद झाले. मी त्यांना गप्प असलेलं प्रथमच पाहत होते. दात कोरडे केले, सिमेंट घोटलं, कॅप बसवल्या आणि अंगठ्याने दाबून धरल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग अंगठा काढून कापसाच्या बोळ्याने ते माझी हनुवटी पुसायला लागले, मुलीचं तोंड पुसावं तसं, आणि म्हणाले, "जा आता."

वर्गात त्या दिवशी एका मुलाने फळ्यावर सातातून नऊ वजा केले आणि दोन उरवले. मी हसले. पहिल्या बाकावरची मुलगी घाबरून रडायलाच लागली, तिला वाटलं मिसना काहीतरी झालं. त्यांना सवय व्हायला थोडे दिवस लागले. पण तो वर्ग माझ्याकडेच राहिला, आणि वेळापत्रक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेलं.

पुढे काही वर्षांनी मामा एका दुपारी आमच्याकडे आले, चहा मागितला आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायले. "आज सिमेंट घोटताना हात हलला," म्हणाले. "स्वल्पच. पेशंटला कळलं नाही. मला कळलं." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. यलहंक्याला मुलाकडे राहायला जायचं आणि खुर्ची एका धर्मादाय दवाखान्याला द्यायची.

खुर्ची न्यायला टेम्पो आला त्या सकाळी मी सोबतीला गेले होते. कपाटं रिकामी होती, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. टेम्पोवाले दोर घेऊन वर येईपर्यंत मामा खुर्चीभोवती उगीच फिरले, आणि मग एकाएकी तिच्यावर जाऊन पडले. बराच वेळ वर बघत होते.

"पोरी," म्हणाले, "इथून हे असं दिसतं होय? ते बघ, कोपऱ्यात केवढं जाळं आहे कोळ्याचं. इतकी वर्षं लोकांना मी हे दाखवत होतो? कुणी बोललं कसं नाही?"

"बोलणार कसे मामा? तोंडात तुमचा हात असायचा."

ते हसले नाहीत. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मी खुर्चीवरचा दिवा लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर वळवला. मामांनी डोळे मिटले आणि शहाण्या मुलासारखं, मी काही न सांगताच, मोठं तोंड उघडलं.